टी(9;22) लिहिलेला रिपोर्ट वाचायचा कसा

इंदूरात आपल्या ओळखीच्या मराठी घरांत कुणाला सीएमएल (रक्ताचा एक कॅन्सर) निघाला की बोन मॅरोचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवरून माझ्याकडे येतो, "ताई तू लॅबमधे आहेस ना, जरा बघ ना काय लिहिलंय", म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. उपचाराचं डॉक्टरांनाच विचारा, मी फक्त वाचायचं कसं ते सांगते.

आधी कॅरिओटाइपची, म्हंजे पेशीतले क्रोमोसोम (गुणसूत्रं) कसे आहेत ते सांगणारी, ओळ शोधा. 46,एक्सवाय,टी(9;22)(क्यू34;क्यू11.2)[20] असं काहीतरी असेल (छापलेलं इंग्रजी अक्षरांत असतं). 46 म्हंजे एकूण क्रोमोसोम, एक्सवाय म्हंजे पुरुष, टी म्हंजे दोन क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल झालीये, पहिल्या कंसात कोणते ते, दुसऱ्यात कुठे तुटले ते, शेवटचा 20 म्हंजे तेवढ्या पेशींत हेच दिसलं. आखूड झालेला 22 नंबर म्हंजेच फिलाडेल्फिया क्रोमोसोम. तो 1960 मधे सापडला, पण 9 शी अदलाबदल होऊन बनतो हे 1973 मधे जॅनेट राऊली यांनी दाखवलं. त्या जोडावर बीसीआर आणि एबीएल1 हे जीन एक होतात, त्यातलं प्रोटीन पेशीला वाढत रहा असं सांगत राहतं, इमॅटिनिब ही गोळी त्यालाच अडवते.

मग सगळे विचारतात, 9 आणि 22 च का? तर बघा, पेशीच्या केंद्रकात क्रोमोसोम कसेही पसरलेले नसतात, जुन्या वाड्यात भावाभावांच्या खोल्या असतात तसं प्रत्येकाचं आपलं क्षेत्र असतं आणि शेजाऱ्यांच्या कडा थोड्या एकमेकांत शिरलेल्या असतात. दोघांचा डीएनए एकाच वेळी तुटला आणि दुरुस्ती करताना चुकीची टोकं जोडली गेली तर जवळची टोकं एकमेकांना सापडायची शक्यता जास्त. थायरॉइडमधे हे फार स्पष्ट दिसलं, चेर्नोबिलच्या अणुअपघातानंतर मुलांच्या कॅन्सरमधे आरईटी आणि एच4 हे जीन जोडलेले सापडायचे, आणि 2000 साली मोजलं तर निरोगी थायरॉइडच्या 35 टक्के पेशींत ते शेजारी शेजारी होते, स्तनाच्या पेशींत फक्त 6 टक्के. रक्त बनवणाऱ्या पेशींत बीसीआर आणि एबीएल1 पण योगायोगापेक्षा जास्त वेळा जवळ असतात. अर्थात नुसतं जवळ असून कॅन्सर होत नाही, ज्या जोडामुळे पेशी जोरात वाढते तोच पुढे मोठा होऊन दिसतो.

याचा फिशच्या (जीनवर रंगीत चमकणारे ठिपके लावून बघायची टेस्ट) रिपोर्टशी थेट संबंध आहे, आणि घाबरगुंडी इथेच उडते. बहुतेक किटमधे एबीएल1 लाल, बीसीआर हिरवा. नॉर्मल पेशीत दोन लाल दोन हिरवे. खऱ्या अदलाबदलीत एक लाल, एक हिरवा आणि दोन पिवळे (लाल-हिरवा एकावर एक आले की पिवळा दिसतो), कारण जोड दोन्ही क्रोमोसोमवर बनतो. पण नॉर्मल पेशीतही लाल आणि हिरवा नुसते शेजारी पडले तर एक पिवळा दिसतो! म्हणून लॅब साधारण 200 केंद्रकं मोजते आणि आपला कटऑफ ठेवते, म्हंजे किती टक्क्यांपर्यंत असे पिवळे नॉर्मल पेशींतही दिसू शकतात ती मर्यादा. "1 टक्का पॉझिटिव्ह" वाचून रडत बसू नका, आधी कटऑफ काय ते बघा, लिहिला नसेल तर लॅबला फोन करून विचारा, तो विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. उलटंही होतं, एकच पिवळा असून जोड खरा असतो, कारण काही पेशंटमधे 9 नंबरवरच्या जोडाजवळचा तुकडा गळून गेलेला असतो, अशा वेळी कॅरिओटाइप आणि पीसीआर (त्या जोडलेल्या जीनची टेस्ट) दोन्ही शेजारी ठेवूनच डॉक्टरांशी बोला.