मीटरचा दिवा मोजून काढलेला घरचा वीजहिशेब

सोलापूरच्या साखर पेठेत आमच्या घरात चुली दोन, माझी आणि जाऊबाईंची, पण मीटर एकच. बिल निम्मं-निम्मं भरतो. गेल्या मे महिन्यात बिल फुगलं तेव्हा मी तोंडावर म्हणाले, "तुमचा टीव्ही सकाळपासून चालू असतो." त्या काही बोलल्या नाहीत, पण दोन दिवस चहाला खाली आल्या नाहीत. ते मला फार लागलं. मग वही घेतली आणि एकेक वस्तू तपासली.

1000 वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. वस्तूच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात, त्यांना तासांनी गुणायचं आणि 1000 नं भागायचं. त्यांचा टीव्ही 55 वॅटचा. रोज 10 तास धरले तरी महिन्याला साडेसोळा युनिट.

रुपये काढताना एकूण बिलाला युनिटनं भागू नका. स्थिर आकार वीज न वापरताही द्यावाच लागतो, तो बाजूला ठेवा. आपलं शेवटचं युनिट दराच्या ज्या टप्प्यात पडतं (आमचं 101 ते 300 मध्ये) त्याचा वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन यांची बेरीज करा, वर 16 टक्के वीज शुल्क लावा. सोप्या गुणाकारासाठी मी युनिटला 12 रुपये धरते, तुम्ही आपल्या बिलावरचा आकडा घ्या. आणि 300 च्या वर गेलं की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो, असं आमच्या गल्लीत बरेच जण समजतात. तसं नाही, फक्त 300 च्या पुढच्या युनिटना लागतो.

म्हणजे टीव्हीचे महिन्याला 198 रुपये. एवढ्यावरून मी त्यांना बोलले होते.

मग माझ्या शिलाई मशीनकडे वळले. मी घरी शाळेचे गणवेश शिवते. मशीनला जुनी क्लच मोटार आहे आणि तिच्यावरची पट्टी कधीच पुसली गेलीय. अशा वेळी मीटरच विचारायचं. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. आमच्या मीटरवर 3200 लिहिलंय, म्हणजे तो 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. तुमच्यावर आकडा वेगळा असू शकतो, तो बघून घ्या. फ्रीजसकट घरातलं सगळं बंद करायचं, इन्व्हर्टर असेल तर तोही, आणि एकच वस्तू लावायची. आमच्या मीटरवर मिनिटाला एकदा लुकलुकलं तर साधारण 19 वॅट.

मोटार लावून मी मशीनचं पेडल न दाबता जिन्याखाली मीटरपाशी जाऊन उभी राहिले. पुतण्या मोबाईलवर मिनिट लावून बसला होता. दिवा सात वेळा लुकलुकला. नुसती घुं-घुं करत ती 130 वॅट ओढत होती! मी कापड कापते, धागा ओवते, कॉलर उलटवते, तेव्हा पट्टा हलत नाही, पण क्लच मोटार आत पूर्ण वेगानं फिरतच असते. बटण आठ तास चालू, त्यातली शिलाई तीन तासांची. उरलेल्या पाच तासांचे महिन्याला, 26 दिवस धरून, 17 युनिट. जाऊबाईंच्या टीव्हीपेक्षा थोडे जास्तच, तेही न शिवता. सर्व्हो मोटारीत हे होत नाही, ती पेडल दाबल्यावरच फिरते.

मेमधल्या फुगलेल्या बिलाचं खरं कारण कूलर. दिवा मिनिटाला नऊ वेळा, म्हणजे 170 च्या आसपास वॅट. सोलापूरच्या मे महिन्यात तो चौदा तास चालतोच. महिन्याला 71 युनिट, साडेआठशे रुपये. पण त्याच्यासमोर दोन्ही घरची पोरं झोपतात, तो कोणा एकीच्या नावावर घालता येत नाही.

फ्रीजला वॅट गुणिले 24 करू नका, कॉम्प्रेसर मधून मधून बंद होतो. स्टारच्या स्टिकरवर वर्षाचे युनिट असतात, त्यांना 12 नं भागा. मोबाईलची चिंता सोडा, चाळीसेक वेळा चार्ज केला तर एक युनिट. सेट टॉप बॉक्स मात्र रिमोटनं बंद केला तरी आमच्याकडे दोन मिनिटांत एकदा दिवा लुकलुकवतो. दिवसरात्र तसाच राहिला तर महिन्याला सात युनिट, म्हणून आता रात्री भिंतीवरचं बटण बंद करतो.

वही घेऊन मी वर गेले, टीव्हीचा आणि मोटारीचा आकडा शेजारी शेजारी दाखवला आणि माफी मागितली. आता दर महिन्याच्या 1 तारखेला दोघी मिळून मीटरचं रीडिंग वहीत लिहितो. मोटारीची युनिट माझ्या वाट्याची, टीव्हीची त्यांच्या, बाकीचं निम्मं. मशीनचं बटण मी टेबलाखालून काढून उजव्या हाताशी घेतलंय, कात्री उचलली की आधी ते बंद.