स्टँडअपमध्ये अडलेलं काम आधी सांगा
अ‍ॅजाइल म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करणाऱ्या टीममध्ये नवीन असताना रोजची १५ मिनिटांची स्टँडअप मीटिंग हजेरीसारखी वाटते. काल काय केलं, आज काय करणार, काय अडलंय, एवढं मॅनेजरला ऐकवायचं आणि सुटायचं. पण ती मॅनेजरसाठी नसतेच. स्प्रिंटचं, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कामाच्या टप्प्याचं, उद्दिष्ट गाठायला आजच्या कामात काय बदलायचं, हे टीमने आपसात ठरवायचं असतं. स्क्रम या अशा कामाच्या पद्धतीची अधिकृत मार्गदर्शिका असलेल्या स्क्रम गाइडच्या २०२० च्या आवृत्तीत तर ते तीन प्रश्नच उरलेले नाहीत.

तुमची पाळी आली की अडलेलं आधी सांगा, आणि नेमकं सांगा: "पेमेंटचा एपीआय टेस्ट सर्व्हरवर चालत नाहीये, कोणी अर्धा तास देईल का?" उत्तर तिथेच शोधू नका, मीटिंगनंतर संबंधितांनीच थांबायचं. दोन दिवस एकट्याने झगडणं मेहनतीचं वाटतं खरं, पण दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये कामाचे दिवस दहाच असतात.