कास-बामणोलीकडे मुक्कामाला येताय? या चुका टाळा

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून आमच्याकडे राहायला येणारे पाहुणे मी काही वर्षं सांभाळतो आहे. खोल्या मोजक्याच, भोवती झाडी, खाली दरी. इथून हिरमुसून गेलेल्यांचं गणित बहुतेक वेळा बुकिंगच्या फोनवरच चुकलेलं असतं.

पहिली चूक महिन्याची. कास पठारावरची फुलं बघायची म्हणून लोक जुलैत खोली घेतात. जुलैत कासला पाऊस आणि धुकं. बहर साधारण ऑगस्टअखेर सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला ओसरतो, तोही पावसाप्रमाणे मागेपुढे. पठार जांभ्या दगडाचं, वर मातीचा पातळ थर. ओल टिकते तेवढ्या आठवड्यांतच तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं यांना फुलून बी धरायचं असतं. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते, तेव्हा तिच्यासाठी येत असाल तर यंदा तिचं वर्ष आहे का हे आधी विचारा. हंगामात पठारावर रोज ठरावीक लोकांनाच सोडतात. खोली मिळाली म्हणजे पठाराचा पास मिळाला असं नाही. तो वेगळा काढावा लागतो. शनिवार-रविवार टाळलात तर पठार नीट बघायला मिळेल.

पावसाळ्यातच यायचं असेल तर जरूर या. धुक्यातले दोन दिवस मला स्वतःला फार प्रिय आहेत. पण तेव्हा ‘दरी दिसणारी खोली’ म्हणून जास्त पैसे मोजू नका, दरी दिवसदिवस दिसत नाही. त्यापेक्षा छपराखालची ऐसपैस पडवी आहे का ते विचारा, कारण सगळा वेळ तिथेच जाणार. दुसरा प्रश्न गरम पाण्याचा. सौरबंबाला ऊन लागतं, ते इथे आठवडाभर फिरकत नाही. गॅसचा गीझर किंवा लाकडाचा बंब आहे ना, याची खात्री करून घ्या. वाऱ्यात झाड तारेवर पडलं की लाईट जाते, कधी रात्रभर येत नाही. इन्व्हर्टरवर दिवे चालतात, विजेचा गीझर नाही. कपडे वाळत नाहीत, तेव्हा एक जोड जास्त आणा आणि तो प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणा.

अंधार पडल्यावर घाट चढू नका. धुक्यात गाडीपुढचा पांढरा पट्टासुद्धा दिसेनासा होतो आणि रस्त्यावर गवे उभे असतात. पेट्रोल आणि रोख पैसे साताऱ्यातच घ्या. रेंज वाटेत जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा.

सज्जनगड, ठोसेघर, कास आणि वासोटा हे सगळं दोन दिवसांत बसवणारे पाहुणे गाडीतच दमतात. ठोसेघरची वाट वेगळ्या दिशेला, कासची वेगळ्या. वासोट्याला बामणोलीहून लाँचने शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडून जावं लागतं, वनखात्याची परवानगी लागते, दिवस पूर्ण मोडतो आणि पावसाळ्यात किल्ला बंद असतो. एका दिवसाला एकच ठिकाण धरा.

जेवण हॉटेलसारखं तयार नसतं. भाकरी, पिठलं, रस्सा सांगितल्यावर होतो, आणि सामान साताऱ्याहून येतं. काही पथ्य असेल तर निघायच्या आदल्या दिवशी कळवा.

पडवीत खाऊ उघडा ठेवला की माकडं येणारच. संध्याकाळी दार लावून मग दिवा लावा, नाहीतर खोली किड्यांनी भरते. बूट झटकूनच घाला. रात्री बाहेर पडताना बॅटरी हवीच. आणि कृपा करून स्पीकर आणू नका. शेजारच्या खोलीतले आजी-आजोबा रातकिड्यांसाठीच इतक्या लांब आलेले असतात.

राहिली तक्रार. गादी ओलसर लागली, पाणी कोमट आलं, तर रात्रीच सांगा, नऊ वाजता असो वा अकरा. आम्हाला गादी बदलता येते, बंब पेटवता येतो, खोली रिकामी असेल तर हलवताही येतं. पुष्कळ जण संकोचाने गप्प बसतात, रात्रभर कुडकुडतात आणि सकाळी बिल देताना बोलतात. तेव्हा आमच्या हातात पैसे कमी करण्यापलीकडे काही उरलेलं नसतं.