मास्टर्स झालं, पण हातात आलं आरएनचंच लायसन्स

न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलात ओरिएंटेशनचा पहिला दिवस होता. आम्ही १४ नवे नर्स एका खोलीत बसलो होतो. माझ्या शेजारची मुलगी २६ वर्षांची. मानसशास्त्रात पदवी घेतलेली आणि त्यानंतर १५ महिन्यांचं एबीएसएन, म्हणजे दुसरी बॅचलर्स पदवी, करून आलेली. मी ३८ वर्षांची, दोन वर्षं घालवून एमएसएन, म्हणजे नर्सिंगमधलं मास्टर्स, करून आलेले. पगाराचे कागद वाटले गेले. दोघींचं पद एकच, तासाचा दरही एकच. जेवणाच्या सुट्टीत बोलता बोलता कर्जाचा विषय निघाला, तेव्हा कळलं की तिचं कर्ज माझ्या निम्म्याहूनही कमी आहे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दर कमी मिळाला याचं दुःख नव्हतं, नव्या नर्सला तेवढाच मिळतो. मी दोन वर्षं जे समजत होते ते चुकीचं होतं, आणि मला ते कुणीही सांगितलं नव्हतं, याचा त्रास झाला. म्हणून हे लिहितेय. आयटी, शिक्षकी, बँक, काहीही सोडून अमेरिकेत नर्सिंगकडे वळायचं तुमचं नक्की झालं असेल, तर प्रीरिक्विझिट (प्रवेशाआधी करायचे विषय), एनक्लेक्स (नर्सच्या लायसन्सची परीक्षा), १२ तासांच्या शिफ्ट वगैरे तुम्हाला ठाऊकच असेल. त्यावर वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते फक्त प्रोग्रॅम निवडण्याबद्दल.

‘ग्रॅज्युएट एंट्री’ किंवा ‘डायरेक्ट एंट्री मास्टर्स’ या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. वाक्य कडक आहे, पण मुद्दाम लिहिलंय.

पहिल्या प्रकारात तुम्ही नर्सिंगचं मूलभूत शिक्षण घेता, आरएनच्या, म्हणजे रजिस्टर्ड नर्सच्या, परीक्षेला बसता आणि तिथेच न थांबता त्याच कॉलेजात पुढे एखाद्या स्पेशालिटीत जाता. फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर (रुग्ण तपासून औषध लिहून देऊ शकणारी नर्स), मानसोपचार, मिडवाइफरी असं काहीतरी. येल विद्यापीठाने नर्सिंगची पार्श्वभूमी नसलेल्या पदवीधरांसाठी असा तीन वर्षांचा अभ्यासक्रम १९७४ सालीच सुरू केला. तिथे पहिलं वर्ष आरएनच्या तयारीचं असतं आणि पुढे स्पेशालिटी. इथून बाहेर पडणारा माणूस नर्स प्रॅक्टिशनरच्या प्रमाणपत्र परीक्षेला बसू शकतो.

दुसरा प्रकार ‘जनरलिस्ट’ मास्टर्सचा. कोलंबिया आणि जॉन्स हॉपकिन्समध्ये मी शोधत होते तेव्हा असे अभ्यासक्रम होते, आणि ते शिक्षण म्हणून उत्तम आहेत, यात शंका नाही. पदवी एमएसएनचीच. प्रगत पॅथोफिजिओलॉजी, फार्माकोलॉजी, शारीरिक तपासणी हे विषय मास्टर्सच्या पातळीवर शिकवतात. काही ठिकाणी क्लिनिकल नर्स लीडरच्या प्रमाणपत्राचीही तयारी होते. पण लायसन्स मिळतं ते आरएनचं. फक्त आरएनचं. भिंतीवर एमएसएन लावलं तरी तुम्ही नर्स प्रॅक्टिशनर (एनपी) होत नाही. तुम्हाला औषध लिहून देता येत नाही. त्यासाठी पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेटसारखा आणखी एक अभ्यासक्रम करावा लागतो, आणि त्यात किमान ७५० तास प्रत्यक्ष रुग्णसेवेचे भरावे लागतात. माझं एमएसएन दुसऱ्या प्रकारचं होतं. मी ते पहिल्या प्रकारचं आहे असं समजून प्रवेश घेतला.

कशी फसले, तेही सांगते, कारण फसवलं असं म्हणता येणार नाही. माहितीपत्रकात ‘प्रगत भूमिकांचा पाया’ असं काहीसं होतं. ऑनलाइन माहिती सत्रात मी विचारलं, “यातून पुढे एनपी होता येतं ना?” उत्तर आलं, “अर्थात, आमचे कितीतरी विद्यार्थी पुढे एनपी होतात.” ते खरंच होतं. बीएसएन, म्हणजे नर्सिंगची बॅचलर्स, केलेल्याही पुढे एनपी होतातच की! माझ्या प्रश्नातलं ‘पुढे’ आणि त्यांच्या उत्तरातलं ‘पुढे’ यांत अडीच-तीन वर्षांचा फरक होता. तिसऱ्या सेमिस्टरला क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष सरावात, एका नर्सने सहज विचारलं, “तुझा एनपीचा ट्रॅक कुठला?” तेव्हा मी कॉलेजचा कॅटलॉग पहिल्यांदा नीट उघडला. अर्ज करण्याआधी उघडायला हवा होता.

म्हणून विचारायचा प्रश्न असा नाही की यातून एनपी होता येतं का. विचारायचं असं: हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर, आणखी काहीही न शिकता, मी नेमकी कोणकोणती परीक्षा द्यायला पात्र ठरेन? उत्तरात फक्त एनक्लेक्स-आरएन आलं, तर ते जनरलिस्ट आहे. नर्स प्रॅक्टिशनरच्या प्रमाणपत्र परीक्षेचं नाव आलं, तर पहिला प्रकार. गोलमोल उत्तर आलं तर दुसऱ्या माणसाला विचारा. कॅटलॉगमध्ये विषयांची यादी बघा. एखाद्या विशिष्ट वयोगटाच्या किंवा स्पेशालिटीच्या रुग्णांचे तास त्यात नसतील, तर तो एनपीचा अभ्यासक्रम नाही, माहितीपत्रकावर स्टेथोस्कोप घातलेल्या बाईचा कितीही छान फोटो असो.

आता यातला जो भाग कॉलेजच्या माथी मारता येत नाही, तो. मी शब्दाला भुलले. माझं बीई झालेलं, नऊ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेलं. नाशिकला फोनवर आईला सांगितलं की परत बॅचलर्स करावं लागेल, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “परत बीएस्सीच करायची होती तर एवढी शिकलीस कशाला?” इथे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये गणपतीच्या आरतीला जमलेल्या मंडळींत कुणी विचारलं तर ‘नर्सिंग’ म्हटल्यावर चेहरे बदलायचे. ‘नर्सिंगमध्ये मास्टर्स’ म्हटलं की तेच चेहरे सैल व्हायचे. मला तो सैलपणा हवा होता. आपल्या घरांमध्ये पदवी पुढेच गेली पाहिजे, मागे आलेली चालत नाही, आणि हे ओझं आपण नकळत प्रवेश अर्जापर्यंत घेऊन जातो. रुग्णाला तुमची दुसरी बॅचलर्स आहे की मास्टर्स, याने काडीचाही फरक पडत नाही. कृपया ही एक गोष्ट अर्ज करण्याआधी स्वतःशी मोकळेपणाने बोलून घ्या. नवऱ्याशी किंवा बायकोशी बोलण्याच्याही आधी.

पैशाचंही तसंच. सरकारी शैक्षणिक कर्ज मुख्यतः ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असलेल्यांनाच मिळतं, एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, नाही. भारतातली पदवी बॅचलर्सच्या बरोबरीची धरली गेली की पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची सरकारी मदत, मिळत नाही. दुसऱ्या बॅचलर्ससाठी सरकारी कर्ज वर्षाला १२,५०० डॉलरपर्यंत, आणि पदवीपातळीवरचं एकूण ५७,५०० डॉलरपर्यंत. मास्टर्सला मात्र माझ्या वेळी वर्षाला २०,५०० डॉलर आणि वर ग्रॅड प्लस नावाचं आणखी एक सरकारी कर्ज, म्हणजे जवळजवळ पूर्ण खर्चाइतकं. जास्त कर्ज मिळतं याला मी सोय समजले. ती सोय मी अजून दर महिन्याला फेडतेय. आणि २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस बंद केलंय. मास्टर्ससाठी वर्षाला २०,५०० डॉलरच्या वर जे लागेल ते खाजगी कर्जातून किंवा घरच्या पैशातून. आमच्या बॅचमधल्या लोकांनी सांगितलेला हिशेब आता धरू नका, माझाही नाही.

हॉस्पिटलमध्ये नोकरी लागल्यावर बरेच मालक पुढच्या शिक्षणाला मदत करतात, वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या मदतीवर कर लागत नाही. शेजारच्या त्या मुलीने तेच केलं. बीएसएन घेऊन फ्लोअरवर, म्हणजे वॉर्डात, लागली आणि आता हॉस्पिटलच्या मदतीने हळूहळू एनपी करतेय. माझ्या दृष्टीने दुसऱ्या पेशातून येणाऱ्या बहुतेकांसाठी हाच मार्ग शहाणपणाचा आहे. रटगर्स विद्यापीठाचा १५ महिन्यांचा किंवा ड्रेक्सेल विद्यापीठाचा ११ महिन्यांचा अशा धर्तीचे एबीएसएन प्रोग्रॅम आधी बघा, मग मास्टर्सकडे वळा. अपवाद एकच: तुम्हाला कुठली स्पेशालिटी हवी हे पक्कं माहीत आहे आणि प्रोग्रॅम खरोखर पहिल्या प्रकारचा आहे. फक्त ११ महिने वाचून हुरळून जाऊ नका. त्या महिन्यांत घरात कोण स्वयंपाक करणार, मुलांना शाळेतून कोण आणणार, हे कागदावर लिहिल्याशिवाय अर्ज करू नका. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. तिचा डबा दोन वर्षं तिच्या बाबांनी केला, आणि त्याशिवाय हे झालंच नसतं.

बाकीच्या गोष्टी झटपट. मान्यता सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थांची हवी, नसेल तर पुढचा विचारच करू नका. ती नसली की पुढच्या शिक्षणात आणि काही मोठ्या नोकऱ्यांत अडतं. एनक्लेक्सचा निकाल बोर्ड ऑफ नर्सिंगकडे कॉलेजवार मिळतो, पण तो एकटा पाहू नका. परीक्षेला बसलेल्यांपैकी किती पास झाले, एवढंच तो सांगतो. ४० जण आत आले आणि २६ परीक्षेपर्यंत पोचले, तर उरलेल्या १४ जणांचं काय झालं हे त्यात कुठेच दिसत नाही. तो आकडा वेगळा मागा. देत नसतील तर तेच उत्तर समजा.

प्रीरिक्विझिटबद्दल माझं मत जरा कडवट आहे. ॲनाटॉमी-फिजिओलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी सहा आठवड्यांत ऑनलाइन उरकून देणाऱ्या जागांच्या नादी लागू नका. अनेक कॉलेजं ऑनलाइन लॅब धरत नाहीत, आणि धरली तरी पुढे हृदयाच्या औषधांशी गाठ पडते तेव्हा पाया नसल्याचं कळतं. कम्युनिटी कॉलेज स्वस्त आहे, तिथे बसून शिका. भारतातली गुणपत्रिका विषयवार मूल्यांकनाला द्या, पण आठ-दहा वर्षांपूर्वीचे विज्ञानाचे विषय जुने म्हणून नाकारले जाऊ शकतात, याची तयारी ठेवा. आणि अर्ज करण्याआधी नर्सिंग असिस्टंटचं प्रशिक्षण घ्या. केंद्राच्या नियमाने ते किमान ७५ तासांचं असतं. मी ते केलं नाही, आणि पहिल्या क्लिनिकलला एका आजोबांचं अंथरूण बदलताना माझे हात थरथरत होते. अनोळखी माणसाचं अंग पुसणं आपल्याला जमतं का, हे हजारो डॉलर भरण्याआधी कळलेलं बरं.

सल्ला कुणाकडून घ्यायचा? पैसे घेऊन निबंध लिहून देणाऱ्यांकडून मुळीच नाही. तुमचा निबंध तुम्हीच लिहा, मोडक्या इंग्रजीत असला तरी. मला सर्वात खरा सल्ला मिळाला तो एका मल्याळी ताईंकडून. २० वर्षं रात्रपाळी केलेल्या. त्या म्हणाल्या, “कॉलेजच्या माणसाला विचारू नकोस, तिथून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्याला विचार.” तेव्हा मी आधीच फी भरली होती.

माझं वाचून घाबरला असाल तर थांबा. मी हा पेशा निवडल्याचा एकही दिवस पश्चात्ताप केलेला नाही. मे २०२३ मध्ये एनक्लेक्स दिली, नवीन पद्धत सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता आणि सगळे घाबरवत होते. ८५ प्रश्नांवर कॉम्प्युटरने परीक्षा थांबवली, दोन दिवस जेवण गेलं नाही, आणि पास झाले. कोड ब्लू, म्हणजे रुग्णाचं हृदय किंवा श्वास थांबल्याचा इशारा, पुकारला की आजही छातीत धस्स होतं, पण पाय थांबत नाहीत. मागच्या हिवाळ्यात आमच्या टेलिमेट्री (हृदयाचे ठोके सतत पाहणाऱ्या) फ्लोअरवर एक मराठी आजी होत्या. इंग्रजी येत नव्हतं, मुलगा कामावर. रात्री दोनला त्यांनी माझा हात धरून विचारलं, “तू डॉक्टरीण का गं?” मी म्हटलं, “नाही आजी, मी तुमची नर्स.” “मग बस जरा इथं,” म्हणाल्या. मी पाच मिनिटं बसले. त्या पाच मिनिटांत मला कुठलीच पदवी आठवली नाही. चाळिशीच्या उंबरठ्यावर येऊनही हे जमतं. गणिताची भीती असेल तर डोसच्या गणितांचा सराव रोज दहा मिनिटं करा, तीही जाते.

सध्या मी पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेटसाठी कॉलेजं बघतेय. या वेळी प्रत्येकाला ईमेलवर तीन प्रश्न पाठवलेत: शेवटी कुठल्या परीक्षेला पात्र ठरेन, माझ्या एमएसएनमधले फार्माकोलॉजी, पॅथोफिजिओलॉजी आणि शारीरिक तपासणी हे तीन विषय किती वर्षांपर्यंत धरता, आणि प्रिसेप्टर (प्रत्यक्ष काम शिकवणारा अनुभवी माणूस) तुम्ही शोधून देता की मला शोधावा लागतो. पाचपैकी दोघांनी स्पष्ट उत्तर दिलं. एकाने फोनवर बोलू या म्हटलं, मी लेखी द्या म्हणून कळवलं. उरलेल्या दोघांची उत्तरं अजून आलेली नाहीत, आणि त्यांची नावं मी यादीतून खोडली आहेत.