हापूसच्या पेटीचा भाव आणि यंत्राचा सल्ला

देवगड किंवा रत्नागिरीहून थेट ग्राहकाला आंबा पाठवणाऱ्या बागायतदाराने पेटीचा भाव ठरवताना कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत अवश्य घ्यावी. मात्र तिला विचारण्यापूर्वी स्वतःचा आकडा वहीत लिहून ठेवावा. १९७४ मध्ये ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, आधी कानावर पडलेला आकडा निरर्थक असला, तरी माणसाचा अंदाज त्याच्याच आसपास घुटमळतो; आणि चॅटजीपीटीने आत्मविश्वासाने सांगितलेला भाव तर निरर्थक वाटतही नाही. त्यानंतर फळाचे वजन, पेटीतील डझन, वाशीच्या बाजारातील त्या दिवसाचा दर आणि वाहतूक खर्च हे सर्व स्वतः पुरवून, ‘हा भाव कोणत्या कारणाने चुकेल?’ असा उलट प्रश्न विचारावा, कारण ही साधने विचारणाऱ्याच्या सुरात सूर मिसळण्याकडे झुकतात.

साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणे) निघालेल्या फळाची तक्रार आली, तर उत्तराचा मसुदा यंत्राकडून घेण्यास हरकत नाही (रात्री अकराला आलेल्या संदेशाला ते आपल्यापेक्षा शांतपणे उत्तर लिहिते), परंतु भरपाईचा शब्द मालकानेच द्यावा. ग्राहकांची नावे, पत्ते आणि फोन क्रमांक मात्र यंत्रात घालू नयेत.