प्रोटीन मेम्ब्रेनपर्यंत पोचतं कसं: एमएस्सी आणि नेटवाल्या नवीन मुलांसाठी

पुण्यात एमएस्सी करत करत अभ्यासिकेत बसून नेटची तयारी करणारी मुलं मला नेहमी विचारतात, की प्रोटीन टार्गेटिंग (प्रोटीन पेशीत योग्य जागी कसं पोचतं ते) वाचताना सगळं कळतं पण प्रश्न समोर आला की गाडी अडते, काय करायचं? माझं सरळ सांगणं आहे, ती रंगीत आकृती घोकू नका, आकृती ज्या प्रयोगांतून आली ते आधी वाचा.

आकृती तशी थोडक्यात आहे. रायबोसोममधून प्रोटीन बाहेर यायला लागलं की सुरुवातीलाच साधारण 15 ते 30 अमिनो आम्लांचा सिग्नल दिसतो, एसआरपी (सिग्नल रेकग्निशन पार्टिकल, म्हणजे सिग्नल ओळखणारा कण) त्याला पकडतो, ट्रान्सलेशन मंदावतं, मग ईआरवरच्या (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, पेशीतलं मेम्ब्रेनचं जाळं) रिसेप्टरशी गाठ पडते आणि रायबोसोम ईआरच्या मेम्ब्रेनमधल्या सेक61 चॅनलवर जाऊन बसतो, तिथून प्रोटीन आत जातं. ब्लोबेल आणि साबातिनींनी 1971 मध्ये मूळ कल्पना मांडली, 1975 मध्ये ब्लोबेल आणि डोबरस्टाईननी ती टेस्टट्यूबमध्ये दाखवली, 1999 ला ब्लोबेलना नोबेल मिळालं.

आता वही काढा आणि प्रीप्रोलॅक्टिनचा (सिग्नल असलेलं, अजून न कापलेलं प्रोलॅक्टिन) जेल, म्हणजे प्रोटीन आकारानुसार वेगळं दाखवणारा पट्टा, स्वतः काढून बघा. पहिल्या लेनमध्ये मेम्ब्रेन नाही, बँड वर, म्हणजे प्रोटीन पूर्ण लांबीचं. दुसरीत ट्रान्सलेशन चालू असतानाच कुत्र्याच्या पॅन्क्रियासचे मायक्रोसोम (ईआरच्या तुकड्यांच्या बंद पिशव्या) टाकलेत, 30 अमिनो आम्लांचा सिग्नल कापला गेला म्हणून बँड थोडा खाली. तिसरीत वरून प्रोटिनेज के (प्रोटीन तोडणारं एन्झाइम) टाकलं तरी तो खालचा बँड तसाच, कारण प्रोटीन आत सुरक्षित आहे. चौथीत प्रोटिनेजसोबत ट्रायटन हा डिटर्जंट पण, मेम्ब्रेन विरघळली, बँड गायब. आणि पाचवी, जी मला सगळ्यात सुंदर वाटते: ट्रान्सलेशन पूर्ण संपल्यावर मायक्रोसोम टाकले तर प्रोटीन आत जातच नाही, बँड वरच राहतो आणि प्रोटिनेज दिलं की तोही जातो. म्हणजे आत जायचं ते बनता बनताच, हे त्या एका लेनवरून कळतं.

मेम्ब्रेनमध्ये अडकून राहणारं प्रोटीन घेतलं तर तिसऱ्या लेनमध्ये काय दिसेल? सायटोसोलकडची शेपूट कापली जाते, आतला भाग वाचतो, म्हणून बँड आणखी खाली सरकतो पण नाहीसा होत नाही. हा प्रश्न फिरवून फिरवून विचारता येतो, स्वतः सोडवलेला असला की घाबरायला होत नाही.

टेल अँकर्ड प्रोटीन नोट्समध्ये बरेचदा दोन ओळींत उरकतात, ते नीट करा. त्यांचा मेम्ब्रेनमध्ये शिरणारा तुकडा अगदी शेवटी असतो, तो रायबोसोममधून बाहेर पडेपर्यंत ट्रान्सलेशन संपलेलं असतं, मग एसआरपीचा नेहमीचा रस्ता बंद, तिथे यीस्टमध्ये गेट3 आणि आपल्या पेशींत टीआरसी40 हे प्रोटीन ते काम करतं. म्हणजे वरचा बनता बनताचा नियम यांना लागू नाही.

आयसर, एनसीसीएस (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) अशा संशोधन संस्थांत समर प्रोजेक्टला अर्ज करणार असाल तर सिग्नल ओळखून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर डोळे झाकून विश्वास ठेवायची सवय आधीच सोडा. सिग्नल पेप्टाइड आणि पहिला ट्रान्समेम्ब्रेन भाग (मेम्ब्रेनमधून आरपार जाणारा तुकडा) दोन्ही हायड्रोफोबिक, म्हणजे पाण्यापासून दूर राहणारे, त्यामुळे प्रोग्रॅमची गल्लत होते. आणि इंटरव्ह्यूला ट्रायटनची लेन कशाला असं कुणी विचारलं तर सांगता यायला हवं: प्रोटिनेज खरंच काम करतंय आणि प्रोटीन वाचलं ते मेम्ब्रेनमुळेच, ते मुळातच चिवट होतं म्हणून नाही, हे दोन्ही तीच लेन सिद्ध करते.