एलियसला सिंगल कोट की डबल कोट?
बॅशमध्ये (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) एलियस, म्हणजे कमांडला दिलेलं छोटं नाव, लिहिताना कोट कुठला टाकताय ते जरा बघा. मी एकदा चालू फोल्डरचा बॅकअप घेणारा एलियस डबल कोटमध्ये लिहिला, आत डॉलर पीडब्ल्यूडी (चालू फोल्डरचा पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) होतं, आणि मग कुठूनही चालवा, बॅकअप आपला होम फोल्डरचाच, कारण डबल कोटमधलं व्हेरिएबल बॅशआरसी (बॅश सुरू होताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) लोड होतानाच भरलं जातं आणि सिंगल कोटमधलं कमांड चालवताना. अर्धा दिवस गेला राव! फोल्डर बनवून लगेच त्यात शिरायचं असेल तर मात्र एलियसच्या नादी लागू नका, त्याला मधे आर्ग्युमेंट (कमांडला पुरवलेली माहिती, इथे फोल्डरचं नाव) घेता येत नाही, एका ओळीचं फंक्शन लिहा. नाव आधीच कुणी घेतलंय का ते ‘टाइप’ नावाची कमांड सांगते. आणि एलियस टाळून मूळ कमांड हवी असेल तर नावाआधी बॅकस्लॅश.